डब्याची सायकल स्पोर्ट्समध्ये

सुनयना शेलार. वय सेहेचाळीस, माहेर साताऱ्याकडचं, राहणार खांदेश्वर, तळमजला. तिचा आवाज मात्र चौथ्या मजल्यापर्यंत जातो, लिफ्टशिवाय. रोज चौतीस डबे, दोन वेळा, ती स्वतः सायकलवरून नवीन पनवेलभर टाकते. सायकल काळी, लोखंडी आणि इतकी जड की वाशी मार्केटात आयुष्यभर पोती उचललेला तिचा नवरा जोतीरामसुद्धा ती उचलताना देवाचं नाव घेतो.

तर जूनच्या शेवटी सोसायटीच्या कमिटीने ठराव काढला. बिल्डिंगखालचं सायकल स्टँड यापुढे फक्त स्पोर्ट्स सायकलींसाठी, बाकीच्या सायकली कंपाउंडबाहेर. ठराव आणला सेक्रेटरी निशांतने. पोरगा आयटीतला. स्वतःच्या कार्बनच्या सायकलला तो बाळाला पुसावं तसं पुसतो.

सुनयनाचं डोकंच फिरलं. गेल्या जुलैत बिल्डिंगला रंग देत होते तेव्हा सायकल आठ दिवस बाहेर पावसात राहिली, चेन गंजली आणि भर रस्त्यात तुटली. डबे दोनला पोचले. तीन गिऱ्हाइकं गेली ती गेलीच. आता अख्खा पावसाळा बाहेर? म्हणजे धंदाच बंद. ती तडक सोसायटीच्या ऑफिसात गेली.

"निशांत, स्पोर्ट्स सायकल म्हणजे नक्की कुठली रे?"

"काकू, जी रेसमध्ये उतरते आणि टाइमात परत येते ती," निशांत हसला. चेअरमन पण खिदळले.

"मग तसंच लिही ठरावाच्या रजिस्टरात. माझ्यासमोर."

गंमत म्हणून त्याने लिहिलं. सही पण ठोकली.

त्याच संध्याकाळी तिने लेकीला, वैष्णवीला, मोबाइल घेऊन बसवलं. निशांत ज्या ड्युएथलॉनमध्ये उतरणार होता त्याचाच फॉर्म भरायला लावला.

"आई, आधी पाच किलोमीटर धावायचं, मग वीस किलोमीटर सायकल, मग परत अडीच धावायचं. सगळं अडीच तासात. झेपणारे का?"

"मधे चहा देतात का?"

जोतीराम तर हसून हसून लोळला. "तू पळनार? आगं यष्टी सुटली तवासुदिक तू चालतच आलीस!"

रेस जुलैतल्या रविवारी, खाडीकडेच्या रस्त्यावर. आदल्या रात्रीपासून वादळी वाऱ्याचा इशारा होता, पण आयोजक म्हणाले, रेस होणार. पाऊस आडवा येत होता. लोक टाइट चकचकीत कपड्यांत, आणि सुनयना पंजाबी ड्रेसवर, ओढणी कमरेला घट्ट, पायात वैष्णवीचे कॉलेजचे बूट.

पळायला जायच्या आधी सायकली एका लांब पाइपला टांगून ठेवायच्या होत्या. सगळ्या महागड्या सायकली उघड्या लटकत होत्या. सुनयनाने तिची साखळीने पाइपला बांधली, कुलूप लावलं, ओढून बघितलं आणि चावी जोतीरामच्या हातात दिली. "इथून हलायचं नाही."

पाच किलोमीटर ती कशीबशी एक्केचाळीस मिनिटांत पळून आली. बघते तर जोतीराम गायब!

"मॅम, तुम्ही सायकल लॉक केलीत?" तिथली व्हॉलंटिअर पोरगी किंचाळलीच.

"मग काय, चोराला पत्ता देऊन जाऊ?"

आणि तिने हाक मारली. "अहोऽऽऽ!" खाडीपलीकडे गेली असेल. तरी जोतीराम नऊ मिनिटांनी उगवला, वडापावच्या टेम्पोमागून, गाल फुगलेले.

"आगं, पावसात भिजत हुतो..."

"आणि मी काय उन्हात वाळत होते?"

ती सायकलवर बसली. खाडीवरून वारा असा येत होता की पुढच्या सगळ्या नाजूक सायकली पतंगासारख्या झोकांड्या खात होत्या. लोक उतरून चालायला लागले. सुनयनाचं लोखंड मात्र रस्त्याला चिकटून. तिला माहीत होतं, वाऱ्यात उभं राहून पॅडल मारायचं नाही, मान खाली घालायची, थांबायचं नाही. तरी पाऊस तोंडावर खड्यांसारखा लागत होता आणि एका ठिकाणी ती चक्क रडली. कोणी बघत नव्हतं म्हणून भोकाड पसरून रडली. पॅडल मात्र चालू.

चौदाव्या किलोमीटरला डिव्हायडरवर निशांत बसलेला. वाऱ्याने त्याला सायकलसकट आडवं केलं होतं.

"काकू, सोडून द्या! डेंजर आहे! गाडी येतेय न्यायला."

तिने वेग कमी केला. "जास्त लागलंय का रे?"

"नाही, खरचटलंय फक्त."

"मग बस." आणि ती गेली.

शेवटचे अडीच किलोमीटर म्हणजे निव्वळ शिव्या. कुणाकुणाला दिल्या ते तिचं तिलाच माहीत. शेवटच्या वळणावर जोतीराम उलटी झालेली छत्री घेऊन शेजारून पळायला लागला. "पळ की गं! पळ! मान्सं बोर्ड काढाय लागल्यात!"

दोन तास अठ्ठावीस मिनिटं. पूर्ण करणाऱ्यांत सगळ्यात शेवटची. पण टाइमात!

दुपारी तिने सोसायटीच्या ऑफिसात ठरावाचं रजिस्टर उघडायला लावलं. चेअरमननी वाचलं, परत वाचलं, चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचलं. ठरावाप्रमाणे अख्ख्या स्टँडमध्ये स्पोर्ट्स सायकल एकच होती.

"मग आता... निशांतची बाहेर?" चेअरमन हळूच म्हणाले. निशांत गुडघ्याच्या पट्टीकडे बघत बसला.

सुनयनाने पोराकडे पाहिलं. बिचारा अजून ओलाच होता.

"राहू दे त्याची पण आत," ती म्हणाली. "फक्त माझ्या सायकलपासून जरा लांब लाव म्हणावं. घासली तर रंग उडतो माझ्या सायकलचा."