वहिनींची फ्लॉपी

ही गोष्ट सांगायचं मी वर्षानुवर्षं टाळलं. लिनक्सच्या वेडाचे माझे बाकीचे किस्से सगळ्यांना पाठ आहेत. हा एक मी नेहमी वगळायचो.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. ठाण्याच्या ऑफिसातला माझा एक मित्र ठाकुर्लीला राहायचा. त्याच्या घरच्या कॉम्प्युटरला सीडी ड्राइव्ह होता, डोंबिवलीतल्या माझ्या जुन्या मशीनला नव्हता. मासिकाबरोबर आलेली लिनक्सची सीडी माझ्याकडे नुसती पडून होती. शेवटी एका रविवारी मी माझी हार्ड डिस्क काढली, टॉवेलात गुंडाळली आणि त्याच्याकडे गेलो. त्याच्या मशीनला जोडायची, लिनक्स भरायचं आणि डिस्क काढून घरी आणायची, एवढाच बेत.

तो कॉम्प्युटर खरं तर वहिनी वापरायच्या. त्यांचं माहेर कल्याणच्या खाडीकाठचं, कोळ्यांचं. आई धवलारीण, म्हणजे लग्नात धवले गाणारी. ती अंथरुणाला खिळली तेव्हा वहिनी तिच्या उशाशी बसून धवले ऐकायच्या, घरी येईपर्यंत मनात घोळवायच्या आणि आल्या आल्या टाइप करायच्या. आई जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं.

"भाऊजी, माझे धवले आहेत बरं का आत," त्या म्हणाल्या.

"तुमच्या डिस्कला मी हातही लावत नाही," मी म्हणालो.

शेवटी लिनक्सने विचारलं, बूटलोडर कुठे ठेवू? मशीन सुरू झाल्यावर आधी जागा होऊन बाकीच्यांना उठवणारा हा छोटासा प्रोग्राम. मी न वाचता एंटर दाबलं. तो वहिनींच्या डिस्कच्या तोंडाशी जाऊन बसला, आणि त्याला लागणाऱ्या फाइली माझ्या डिस्कवर गेल्या. ती डिस्क मी काढून पिशवीत टाकली. पोहे खाऊन झाल्यावर मित्राने मशीन लावलं, तर काळ्या पडद्यावर एक एल उमटला आणि त्यामागे शून्य-एक, शून्य-एक, शून्य-एक, पडदा भरेपर्यंत.

"काय केलंस रे?" मित्राने विचारलं.

मला खरंच कळलं नव्हतं. पण कळलं नाही असं म्हणायची लाज वाटली. मी वहिनींनाच विचारलं, बाहेरची फ्लॉपी घातली होती का? आदल्या दिवशी त्यांनी छापखान्यातून आणलेली एक घातली होती.

"मग व्हायरस," मी म्हणालो.

मित्र त्यांच्यावर चिडला. बाहेरची फ्लॉपी घालू नकोस म्हणून किती वेळा सांगितलं, वगैरे. वहिनी पोह्यांच्या बश्या उचलून आत गेल्या.

घरी माझीही डिस्क सुरू होईना. म्हणून पुस्तक काढून बसलो, आणि दोन दिवसांत उलगडा झाला. वहिनींच्या डिस्कवरचं काहीही पुसलं गेलं नव्हतं. डॉसच्या फ्लॉपीवरून मशीन सुरू करून एक ओळ टाइप केली की काम झालं असतं. मी तशी फ्लॉपी तयारही केली.

तेव्हाच मित्राला सांगायला हवं होतं. तो रोज माझ्यासमोर डबा खायचा. पण सांगायचं तर चूक कबूल करावी लागणार होती. त्यापेक्षा रविवारी जावं, गुपचूप ते मशीन सुरू करावं आणि कौतुक करून घ्यावं, असं मी ठरवलं.

रविवारी गेलो तेव्हा मशीन सुरू होतं. मित्राने शनिवारी एका दुरुस्तीवाल्याला बोलावून डिस्क फॉरमॅट करून, म्हणजे सगळी पुसून घेतली होती. व्हायरस पार गेला म्हणून तो खूश होता. मी चहा घेतला आणि फ्लॉपी खिशातून न काढता परत आलो.

पुढे ते मोहन्याला राहायला गेले. मित्र वारल्यावर मी भेटायला गेलो आणि निघताना कसाबसा म्हणालो, "वहिनी, ती फ्लॉपी..."

"माझंच चुकलं हो भाऊजी," त्या म्हणाल्या. "त्यानंतर मी कॉम्प्युटरला हात नाही लावला. आता आईचे दोन-चार आठवतात, तेही अर्धेमुर्धे."

मी चपला घातल्या.

गेल्या वर्षी त्याही गेल्या. मोहन्याला त्या दिवशी म्हणायचं होतं ते एवढंच: वहिनी, तुमच्या फ्लॉपीत काही नव्हतं. आईंचे धवले शनिवारपर्यंत त्या डिस्कवर जसेच्या तसे होते. ते मी घालवले, आणि बोल तुम्हाला लागू दिला. मला माफ करा.