वांग्यांसाठी काशीयात्रा

लोक काशीला पापं धुवायला जातात. मी गेले वांगी वाचवायला, आणि रजेच्या अर्जातही तसंच लिहिलं. साहेब हसले. "जंतू रोग करतात, बाई. बरे करत नाहीत." मी म्हटलं, "बघू या की!"

पुण्याच्या शेतकी प्रयोगशाळेत मी मातीतले जंतू तपासते. मर रोग लागून अख्खा वाफा माना टाकून पडला होता, त्यात वांग्याचं एकच झाड ताठ उभं दिसलं. त्याच्या मुळाशी सापडलेले जंतू मी बाटलीत वाढवले. त्याच सुमारास काशीहून आत्याचा निरोप आला. गंगेपलीकडच्या रामनगरची तिची वांगी दोन वर्षं याच मर रोगानं गेली होती, यंदाही गेली तर जमीन वीटभट्टीला जाणार. विधवा आत्याच्या नावावर तेवढंच आहे. ते गेलं की लुगड्यासाठीही दिरापुढे हात पसरायचा. मी कुठली स्वस्थ बसते!

कल्याणला गाडी बदलावी लागते. सध्या लढाईचे दिवस, डबे सोल्जरांनी भरलेले, तेव्हा बसायला मिळेल ही आशा घरीच ठेवून निघा. बाटली ओल्या फडक्यात गुंडाळून मी मांडीवर धरली होती. शेजारच्या काकूंनी विचारलं, "गंगाजल का गं? पण ते काशीहून आणतात, काशीला नेत नाहीत!" मी सांगितलं, "जंतू आहेत." काकू चटकन सरकल्या. मला पाय पसरायला जागा झाली.

मुगलसराईनंतर पूल ओलांडला की काशी. एक्क्याचं भाडं चढण्याआधीच ठरवा आणि चौकापासून गल्ल्यांतून पायी चला. वाटेत कचोरी खा, ती मात्र गरम कढईतलीच. रामघाटावर आत्याच्या दारातच तिचे दीर भेटले.

"पुण्याहून दवा आणलीस म्हणे? मिट्टीच खराब आहे तिथली. भट्टीवाल्याला मी जबान दिली आहे."

आतून आत्या म्हणाली, "जबान तुमची, भावोजी. जमीन माझी."

दही लावावं तसं आम्ही भाताच्या निवलेल्या पेजेत गूळ घालून बाटलीतलं विरजण लावलं. तिसऱ्या दिवशी मडकं घेऊन निघालो. रामनगरला जायचं तर रामघाटाहून नाव करू नका, प्रवाहाविरुद्ध सगळी दुपार जाते. अस्सीपर्यंत एक्का, मग नाव.

शेतात मी मधोमध दोरी बांधली. अर्ध्या रोपांची मुळं जंतूंच्या पाण्यात बुडवून लावायची, अर्धी तशीच, म्हणजे फरक कळेल. आत्यानं मान डोलावली. मी जरा विहिरीवर जाऊन येते तो काय, बाईनं दोरी सोडून गुंडाळली होती आणि सगळीच्या सगळी रोपं मडक्यात बुडवत होती!

"आत्या! आता सिद्ध कसं करू?"

"तुला सिद्ध करायचंय, मला जगवायचंय. अर्धा खेत काय म्हणून मरायला सोडू?"

मी संतापले. वाट्टेल ते बोलले. ती रोपं लावतच राहिली, आणि शेवटी मीही खाली बसून लावू लागले. दुसरं काय करणार?

मर ऐन फुलोऱ्यात घाला घालते, म्हणून तार ठोकून रजा वाढवून घेतली. रोज सकाळी नदी ओलांडायची आणि वाफे बघायचे. कडेची काही रोपं गेली, खोटं कशाला सांगू? पण बाकीचं शेत जांभळ्या फुलांनी डवरलं. त्या दिवशी आत्या बांधावर बसून रडली, आणि मीही.

नेमके तेव्हाच दीर भट्टीवाल्याला घेऊन आले. त्यानं माती चिमटीत धरून पाहिली. आत्या पदर खोचून समोर उभी राहिली. "अगहन में आइए, भैयाजी. भंटा बिकेगा. जमीन नहीं." मार्गशीर्षात या, वांगी विकेन, जमीन नाही! भट्टीवाला हसून परत फिरला. दिरांना मात्र नावेत सगळा वेळ आमच्यासमोर बसावं लागलं.

पुण्यात साहेबांनी अहवाल वाचला आणि चष्मा काढला. "तुलनेचा वाफाच नाही. याला शास्त्र म्हणत नाहीत." बरोबर आहे त्यांचं. ती मर जंतूंनी थोपवली, की त्या साली ती जोरात आलीच नव्हती, हे मला छातीठोकपणे सांगता येणार नाही. ते मला सलतं आणि सलत राहील. पण अहवालातल्या 'तुलनेचा वाफा' या रकान्यात काहीतरी भरायला हवं होतं. मी भरलं: "जमिनीच्या मालकिणीने ठेवू दिला नाही."

साहेब म्हणाले, ही ओळ खोडा. मी खोडली नाही.