मच्छिंद्र मिस्त्री आणि तीनदा दहा मिनिटं

हेवा मला दुरून ओळखू येतो. तमाशाच्या फडात चाळीस वर्षं काढलेल्या बाईला तो ओळखू यायलाच हवा. एका नव्या पोरीला आदल्या खेळात माझ्यापेक्षा जास्त शिट्ट्या पडल्या, म्हणून मी तिचे चाळ पेटाऱ्यामागं लपवले होते. आज आठवलं की हसू येतं आणि लाजही वाटते. पण आमचा हेवा पडद्यामागचा होता. शिरूरचा मच्छिंद्र मिस्त्री आपल्या मेव्हण्याचा हेवा करायचा तो भर चौकात, चहाच्या टपरीवर, चारचौघांच्या साक्षीनं.

मच्छिंद्र न्हावऱ्याकडचा. सोळाव्या वर्षी आमच्या फडाच्या लॉरीवर क्लीनर म्हणून आला. त्या लॉरीचं इंजिन माझ्यापेक्षा लहरी होतं. गाव जवळ आलं की हटकून बंद पडायचं. हा बॉनेटवर कान टेकवायचा, डोळे मिटायचा, आणि सांगायचा, "आक्का, डिझेलला हवा धरलीय." तसंच निघायचं. पुढं फड मोडला. मी शिरूरला खोली घेतली आणि त्यानं बायपासला गॅरेज टाकलं. पाटसच्या शेवंताबाईशी लग्न झालं. लग्नानंतर वर्षभरातच तिचा भाऊ गोकुळ काम शिकायला दाजींकडं येऊन राहिला. चार वर्षं तो मच्छिंद्रच्या हाताखाली होता. मग पुण्याला जाऊन त्यानं गाड्यांच्या इलेक्ट्रॉनिक कामाचा कोर्स केला आणि दौंडला दुकान काढलं. काचेची केबिन, एसी, लॅपटॉप, आणि गाडीला केबल जोडली की बिघाड सांगणारं स्कॅनर.

शिरूरच्या गाड्या हळूहळू दौंडला जायला लागल्या. आधी सणसवाडीच्या खोलीमालकाची गेली, मग रांजणगावच्या कंपनीतल्या साहेबांच्या. मच्छिंद्र सगळ्यांचे नंबर लक्षात ठेवायचा. वरून घरी शेवंताबाई होतीच. ती भाकरी थापता थापता म्हणायची, "माझ्या गोकुळकडं काल तीन गाड्या रांगेत हुत्या." मच्छिंद्रची भाकरी तिथंच थांबायची.

माझी गाडी मात्र त्याच्याकडंच राहिली. पंधरा वर्षांची जुनी, सेकंड हँड घेतलेली. मला चालवता येत नाही. कुठं बोलावणं आलं की मच्छिंद्रच चालवतो आणि वाटेत गोकुळच्या नावानं बोटं मोडतो.

मागच्या उन्हाळ्यात एका सर्व्हिसिंगवाल्यानं या गाडीचं इंजिन प्रेशरच्या पाण्यानं धुतलं, आणि गाडी तिथंच गार झाली. मच्छिंद्रनं बॉनेट उघडलं, एका चपट्या ॲल्युमिनियमच्या डब्याला नाक लावलं आणि म्हणाला, "आक्का, हिचा कंट्रोल डबा जळलाय." या डब्याला ते ईसीएम म्हणतात. इंजिनाला कधी पेटायचं, किती पेट्रोल घ्यायचं, सगळं तो सांगतो. निदान अगदी बरोबर होतं. त्यानं स्क्रॅपमधून त्याच गाडीचा, त्याच नंबरचा डबा आणून बसवला आणि चावी फिरवली. इंजिन गुरगुरलं. त्यानं माझ्याकडं विजयानं पाहिलं. दोन सेकंदांत ते बंद पडलं. पुन्हा फिरवली. पुन्हा दोन सेकंद. समोरच्या काट्यांजवळ चावीच्या आकाराचा एक बारका लाल दिवा लुकलुकत होता. त्याच्याकडं कुणी पाहिलं नाही.

मच्छिंद्र चुकला तो इथं, आणि त्याच्यासारखा कसबी माणूसच असं चुकतो. ज्या इंजिनानं एकदा आवाज दिला त्याचा डबा चांगला, ही त्याची तीस वर्षांची शिकवण. म्हणजे खोट दुसरीकडं. त्यानं पेट्रोलचा पंप उतरवला, टाकी धुतली, वायरिंग सोडवून पुन्हा बांधलं. आठ दिवस गाडी उघड्या पोटानं पडून राहिली. टपरीवर कुणीतरी म्हणालं, "मिस्त्री, दौंडला न्या की आता." तेव्हा मच्छिंद्रनं कप आपटला. "माझ्या हातची गाडी गोकुळनं चालू केली, तर पाना ठिवतो आन् रांजणगावला गेटवर वॉचमन व्हतो!" टपरीवर पंधराएक माणसं होती. सगळ्यांनी ऐकलं.

त्याच दुपारी शेवंताबाईनं नवऱ्याला न विचारता भावाला फोन लावला. गोकुळ म्हणाला, "जुना डबा फेकू नका म्हणावं. दोन्ही चाव्या घ्या आन् गाडी टोचन करून आणा." मी मच्छिंद्रला सांगितलं, "गाडी माझी आहे, ती उद्या दौंडला जाणार. तू नाही आलास तर मी टेम्पोवाल्याबरोबर जाईन." तो रात्रभर रुसला आणि सकाळी आठला अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून हजर झाला. शर्टाच्या खिशात दहा-बाराचा पाना. हेवा माणसाला घरी बसू देत नाही.

टेम्पोनं दोर लावून आम्हाला न्हावऱ्यावरून ओढत नेलं. वाटभर तो एकच वाक्य म्हणाला, "त्याला बी न्हाई जमायचं."

दौंडला गोकुळ पाया पडायला वाकला. मच्छिंद्रनं पाय मागं घेतले. "ऱ्हाऊ दे. गाडी बघ."

गोकुळनं केबल जोडली, मिनिटभर स्क्रीन पाहिली आणि लाल दिव्याकडं बोट दाखवलं. "दाजी, डबा जळालेला तुम्ही बरोबर वळखला. पर हा स्क्रॅपचा डबा दुसऱ्या गाडीचाय. ह्याला त्याच्याच मालकाची चावी ठावं. आपल्या चावीच्या मुठीत बारकी चिप असती, तिचं नाव ह्याला म्हाईत न्हाई. म्हून तो चोर समजतो आन् दोन सेकंदात इंजिन मारतो. पंपाचा काय दोष न्हाई."

"आठ दिस," मच्छिंद्र माझ्याकडं न पाहता पुटपुटला.

"आता जुनी वळख पुसायची आन् आपल्या चावीची द्यायची. चावी चालू ठिवून दहा मिन्टं बसायचं. मग बंद करायची. असं तीनदा. मधी कशाला हात लावायचा न्हाई, दार उघडायचं न्हाई."

"दहा मिन्टं कशाला?"

"चोराला दम निघत न्हाई म्हून."

मच्छिंद्र स्टिअरिंगवरून हलेना. गोकुळ लॅपटॉप घेऊन शेजारी बसला, मी मागं. बॅटरीला चार्जर लावलेला, त्याचा पंखा घरघरत होता. असा प्रवेश मला आयुष्यात कुणी लिहून दिला नाही. दोन पात्रं, एक दिवा, आणि संवाद कुणालाच पाठ नाही.

पहिली दहा मिनिटं मच्छिंद्र टोमणे मारत होता. "एवढा कोर्स करून शेवटी बसूनच ऱ्हायचं व्हय?" "एसी हितं न्हाई का लावत? मशीनला घाम आला असंल." गोकुळ हसत राहिला. चावी बंद केली, परत चालू केली.

दुसऱ्या दहा मिनिटांत मच्छिंद्रचे टोमणे संपले. त्याची नजर काचेच्या केबिनकडं लागली होती. तिथं शिरूरच्या एका डॉक्टरांची गाडी उभी होती. पूर्वी तिचं ऑइल तोच बदलायचा. मी आरशात त्याचा चेहरा पाहिला. चाळ लपवले त्या रात्री माझा चेहरा तसाच दिसला असणार.

तिसऱ्या दहा मिनिटांत आम्ही तिघंही दिव्याकडंच पाहत बसलो. मग तो लाल दिवा विझला.

"फिरवा दाजी," गोकुळ म्हणाला.

मच्छिंद्रनं चावी फिरवली. इंजिन पेटलं. दोन सेकंद गेले. पाच गेले. दहा. माझ्या गाडीला असं सुरात ऐकून मला आनंद व्हायला हवा होता, पण मी मच्छिंद्रच्या मानेकडं पाहत होते. ती खाली गेली होती. त्यानं खिशातला पाना काढला आणि डॅशबोर्डवर ठेवला.

"घे. टपरीवर बोललोय. शब्द म्हंजी शब्द."

गोकुळचं हसू गेलं. "पाना ठिवून मला एकट्याला टाकून जाता का काय? दाजी, माझ्याकडं मान्सं येत्यात ती काचंपल्याड मोबाईल बघत बसत्यात. पयला सवाल, किती वेळ लागंल. तुमच्याकडं बिघाड नसला तरी येत्यात. मला वासावर डबा कवाच वळखता आला न्हाई. आन् ताई म्हायेरी आली की काय म्हनती ठावं हाय? म्हनती, 'गोकुळ, तुला पडदा बघावा लागतो, आमच्या मालकांना कान पुरतो.' दर येळी. माझ्या बायकुसमोर. मी जळतो दाजी तुमच्यावर. चार वर्सं जळतोय."

मच्छिंद्र गाडी बंद करायची विसरला होता. "काय म्हनाली शेवंता?"

"सांगितलं की."

"पंख्याचा आवाज हाय. परत सांग."

गोकुळनं परत सांगितलं, या वेळी जरा मोठ्यानं. मच्छिंद्र शेवटच्या शब्दापर्यंत कान देऊन ऐकत राहिला, इंजिन ऐकायचा तसाच, डोळे मिटून. मग त्यानं डॅशबोर्डवरचा पाना उचलून खिशात घातला.

"वॉचमनच्या कामाला काय पगार हाय म्हना," तो म्हणाला. "टपरीवाल्यांना सांगू, डबा मी वळखला, चावी गोकुळनं शिकवली. खरं तेच सांगू." आणि गोकुळच्या पाठीत एक सणसणीत धपाटा घातला. तो अर्धा मायेचा होता. उरलेला अर्धा कशाचा, ते गोकुळला कळलं असावं, कारण तो पाठ चोळत राहिला.

परतीला गाडी मच्छिंद्रनं चालवली. भीमेचा पूल ओलांडला तरी त्यानं गोकुळच्या नावानं एकदाही बोटं मोडली नाहीत. मला वाटलं, निवळला. न्हावऱ्याच्या अलीकडं त्यानं एकदम हॉर्न वाजवला. समोर कुणीही नव्हतं.

"आक्का, बगा की! कौतिक माझं, बायकू माझी, आन् ऐकायला मिळतं कुनाला? त्या गोकुळला! वर्साला तीन-तीन येळा!"

"मग घरी गेल्यावर विचार तिला," मी म्हटलं.

"न्हाई इचारनार," तो म्हणाला आणि गिअर टाकला. "पुढच्या टायमाला ती म्हायेरी निघाली, की मी बी जानार बरुबर."