आदर्श नेता

रोहण्याच्या चौकात आमचं किराणा दुकान आहे आणि आमच्या ह्यांना धंद्यापेक्षा गप्पांचं वेड जास्त. जर्मनीचा तो हुकूमशहा त्यांचा फार लाडका. "असा एक कडक मानूस पाह्यजे आपल्याकडं," हे साखर तोलता तोलता दिवसातून एकदा तरी म्हणणारच. स्वतःला चहाचा कप जागेवर ठेवता येत नाही, पण शिस्त मात्र जर्मनीची हवी!

शाळेत 'माझा आदर्श नेता' या विषयावर वक्तृत्व स्पर्धा निघाली, तेव्हा नववीतल्या लेकीला ह्यांनीच त्या हुकूमशहावर भाषण लिहून दिलं. सरावाच्या वेळी इतिहासाच्या मॅडमनी ते शांतपणे ऐकून घेतलं, तिच्या आवाजाची तारीफ केली आणि एवढंच म्हणाल्या, "आता तिथल्या ज्यू लोकांचं काय झालं, तेही वाचून ये." रागावल्या नाहीत. मला त्या बाईंचं फार कौतुक वाटलं.

पोरगी आठवडाभर वाचत होती. मग स्वयंपाकघरात येऊन म्हणाली, "आई, मी हे भाषन नाई करत. पन बाबाले सांगू कशी? किती हौसेनं लिवलं त्याईनं." बापाचं मन मोडायच्या भीतीनं तिला जेवण जाईना. मी सांगते म्हटलं, तर तेही नको.

संध्याकाळी ती गल्ल्यासमोर उभी राहिली. दुकानात तीन-चार गिऱ्हाइकं होती. ते भाषण करणार नाही म्हणाली आणि वाचलेलं सांगू लागली. ज्यूंना तिथं कितीतरी पिढ्या बऱ्याच ठिकाणी जमीन घेऊ दिली नाही, म्हणून ते व्यापारात शिरले. मग व्यापारी म्हणून त्यांनाच नावं ठेवली. साथ आली की विहिरीत विष कालवल्याचा आळ त्यांच्यावर. मग हा नेता आला. एका सकाळी ज्यूंच्या दुकानांपुढे त्याची माणसं उभी राहिली, इथून काही घेऊ नका म्हणून. पुढे दुकानं फोडली आणि शेवटी लेकराबाळांसकट माणसं गाड्यांत कोंबून मारायला नेली. माझी लेक मला त्या वेळी केवढी मोठी वाटली!

ह्यांचा हात डाळीच्या पोत्यातच राहिला. "अन् रोजचे गिऱ्हाईक? ते तं ओळखीचे असतीन ना?"

"एखादी म्हातारी गेली आत, बाबा. बाकीचे खाली मान घालून पुढं गेले."

ह्यांनी पोत्यातून हात काढला. मग समोरच्या जुन्या गिऱ्हाइकाला म्हणाले, "काका, तुमी असते तं आले असते का आत?"

काका आपल्या पिशवीकडे पाहत राहिले.

"स्पर्धेत हेच म्हनजो, माय," हे लेकीला म्हणाले.