सरक गं जराशी

माझ्या लेकीच्या, ओवीच्या बालवाडीतून निरोप आला, "महिला पालकांसमोर 'खेळातून मिळालेली प्रेरणा' या विषयावर दहा मिनिटं बोला." मी हो म्हटलं आणि त्या क्षणापासून पस्तावतेय! कारण लातूरच्या आमच्या महिला फुटबॉल टीमची गोलकीपर म्हणून मला प्रेरणा अशी फारशी मिळालेली नाही. किस्से मात्र जोडी न सापडणाऱ्या मोज्यांसारखे साठलेत. कपाट उघडलं की अंगावर पडतात. तेव्हा आधी तुम्हालाच सांगते. बालवाडीचं नंतर बघू.

*

टीम मुळात आमच्या तोंडामुळं झाली. संध्याकाळी पोरांचं कोचिंग चालायचं आणि आम्ही आया जाळीला नाक लावून ओरडायचो. "अरे पळ की!" "त्याला कशाला दिलास?" माझी ओवी तर सगळ्यात लहान, ती नुसतं गवत उपटायची. तरी मी ओरडायचे.

एक दिवस कोच सोनाली मॅडमनी शिट्टी फुंकली. वय बावीस, पण आवाज असा की पलीकडच्या रस्त्यावरची रिक्षा थांबते.

"ओ काकू लोक! एवढं कळून राहिलंय तर या आत!"

आम्ही गेलो. खेळायच्या हौसेनं नाही, "काकू" म्हटल्याच्या रागानं.

*

मी गोलकीपर झाले ती ओवीमुळं. "हिला कुठं ठेवू?" म्हणून मी रडकुंडीला आले, तर मॅडम म्हणाल्या, "तुम्ही गोलमध्ये थांबा. पोरगी पोस्टच्या मागं बसंल, जवळच्या जवळ."

पहिल्याच मॅचला ओवीच्या तोंडात काहीतरी हलताना दिसलं. मी वळले. "काय आहे तोंडात? थूक आधी!" खडा निघाला. समाधानानं पुन्हा मैदानाकडं वळले, तर समोरच्या बायका एकमेकींच्या गळ्यात पडून नाचत होत्या.

आमच्या टीमनं खाल्लेला पहिला गोल मी अजून पाहिलेला नाही.

*

टीममधल्या रेखाताई आणि वर्षा सख्ख्या जावा. वर्षा धाकटी, त्यामुळं ती मैदानावरही अदबीनं ओरडायची, "अहो जाऊबाई, बॉल देता का जरा?" तिचं वाक्य संपेपर्यंत बॉल दुसऱ्या टोकाला पोचलेला असायचा.

सोनाली मॅडमनी फर्मान काढलं, "ग्राउंडवर अहो-बिहो बंद! नुसतं नाव घ्यायचं, तेही अर्धं."

वर्षानं आठवडाभर मन लावून सराव केला. इतका, की एका दुपारी जेवताना तिच्या तोंडून निघून गेलं, "ए रेखे, मीठ दे!"

ताटावरचे सगळे हात थांबले. सासूबाईंनी घास गिळला, घोटभर पाणी घेतलं आणि मग विचारलं, "मी आले टीममधी, तर मला काय म्हणणार हाय?"

*

आमच्या स्ट्रायकर म्हणजे लातूरजवळच्या मुरुडच्या मंगलकाकू. किराणा दुकान सांभाळतात आणि पळत नाहीत. "मी कशाला पळू? बॉल येईल की इकडं," असं म्हणून समोरच्यांच्या गोलपाशी कमरेवर हात ठेवून उभ्या असतात. साहजिकच, दर दोन मिनिटांनी ऑफसाइड.

मॅडमनी फळ्यावर बाण काढले, बाटल्या मांडल्या, शेवटी स्वतः पळून दाखवलं. काकू कौतुकानं बघत राहिल्या. मग मॅडमनाच सुचलं, "काकू, लग्नात पंगत बसलीय. माणसं अजून जेवून राहिलीत आणि तुम्ही आधीच त्यांच्या पाठीमागं जाऊन जागा धरून उभ्या. बरं दिसतं का?"

"न्हाई बा! लई वंगाळ दिसतं," काकूंना पटलं.

पुढच्या मॅचला कंधारला रेफरीनं पुन्हा ऑफसाइडची शिट्टी दिली. काकू तरातरा त्याच्यापर्यंत गेल्या. तेवढंच त्यांचं त्या दिवशीचं पळणं.

"अहो भाऊ, मी जेवूनच आलेली हाय!"

*

त्याच मॅचचा हाफटाइम. आम्ही दशम्या आणि शेंगाची चटणी सोडली. वास गेला तशा कंधारच्या बायका आल्या. त्यांनी भाकरी आणि ठेचा आणला. रेफरीला "घ्या की थोडं" म्हणायला कुणी विसरलं नाही.

दुसरा हाफ सुरू झाला तो नुसता नावाला. बावीस बायका मैदानभर सावकाश हिंडत होत्या. रेफरीनं शेवटची शिट्टी फुंकली, तर आधी चटणी उडाली, मग आवाज आला!

शून्य-शून्य. दोन्ही टीमच्या मते तशी सुंदर मॅच पुन्हा झाली नाही.

*

आता माझं दुखणं. मला पेनल्टी अडवता येत नाही. तोवर एकही कधी अडवलेली नव्हती. मी घाईची बाई आहे. ओवीच्या व्हॅनच्या अर्धा तास आधी फाटकात उभी राहते, दूध उतू जायच्या आधीच गॅस बंद करते आणि ते कच्चं राहतं. पेनल्टीलाही तसंच. समोरची मारायच्या आधीच मी एका बाजूला झेप घेऊन पडलेली असते.

बिलोलीला तर कहर झाला. मुलगी अजून बॉल ठेवत होती आणि मी डावीकडं आडवी! ती बिचारी थांबली. "काकू, लागलं का?" म्हणाली. मी म्हटलं, "नाही गं, मार तू." तिनं मारला. गोल.

परतीच्या बसमध्ये सोनाली मॅडम शेजारी येऊन बसल्या. "काकू, तुम्हाला एकच काम देते. पेनल्टीला काहीच करू नका. नुसत्या उभ्या ऱ्हावा."

काहीच न करणं! मला लग्नानंतर हे कुणी सांगितलंच नव्हतं. मी ठरवून टाकलं, नांदेडच्या मॅचला एक तरी पेनल्टी अडवली तर ठीक, नाहीतर ग्लोव्हज परत.

*

नांदेडच्या टीमची पेनल्टी मारतात आमच्या अक्का. माझ्या थोरल्या नणंदबाई. लग्न होऊन नांदेडला गेल्या, पण माहेरच्या स्वयंपाकघराचा ताबा त्यांनी सोडलेला नाही. दर दिवाळीला येतात, माझ्या मागं उभ्या राहतात आणि म्हणतात, "सरक गं जराशी." मी सरकते. झारा त्यांच्या हातात जातो. आजवर मी कधी "नाही" म्हटलेलं नाही. "नाही"चा विचारही मी त्यांची बस सुटल्यावरच करते.

मॅचमध्ये आम्ही चक्क एक-शून्यनं पुढं होतो. मंगलकाकू अंबाडा बांधायला वळल्या आणि बॉल त्यांच्या पाठीला लागून आत गेला होता. शेवटची दोन-तीन मिनिटं उरली असताना वर्षानं चेंडूला घाबरून तोंडावर हात घेतले. हँडबॉल. पेनल्टी.

अक्का आल्या. बॉल ठेवला. पोस्टमागून ओवी आनंदानं ओरडली, "आत्या!" अक्का तिच्याकडं बघून हसल्या. मग माझ्याकडं बघितलं आणि अगदी घरच्यासारखं म्हणाल्या,

"सरक गं जराशी."

मी सरकले नाही. आता टीममध्ये सगळ्या याला माझं धाडस म्हणतात. खरं सांगू का? भीतीनं पाय जमिनीला चिकटले होते. डावं-उजवं काही आठवेना. अक्का पळत आल्या, मी तिथंच, आणि बॉल सरळ पोटात! मी मटकन खाली बसले. बॉल मांडीवर.

"धरून बस! सोडू नको!" मंगलकाकू ओरडल्या. सोनाली मॅडम रेषेवर उड्या मारत होत्या, "हेच काकू, हेच! हेच काहीच न करणं!" शिट्टी झाली तरी मी बॉल सोडला नाही. अक्का मात्र अजून तिथंच उभ्या होत्या, माझ्याकडं बघत.

संध्याकाळी नवऱ्यानं दबक्या आवाजात विचारलं, "अक्काची पेनल्टी अडवलीस म्हणे?"

"अडवली नाही हो. लागली."

"दिवाळीला येणार आहे ती," तो म्हणाला आणि पेपरमागं गेला.

दिवाळी आली. अक्का आल्या. मी चकल्या तळत होते. मागं पावलं वाजली तशी सवयीनं अर्धी बाजूलाही झाले, झारा पुढं धरला. कुणी घेतला नाही. वळून बघितलं, तर अक्का उंबऱ्याच्या बाहेरच उभ्या.

"येऊ का गं आत?"