आमचे समाधानी ग्राहक

फोनवरून जाहिरात लावताना, ती कुठे दिसावी ते ठरवणारा नकाशावरचा निळा गोल मी आमच्याच गावावर राहू दिला. चूक माझी. पुण्या-मुंबईच्या लोकांना दिसावी म्हणून केलेली जाहिरात आमच्या पानठेल्यावर दिसली, पिठाच्या चक्कीवर दिसली आणि गावच्या जुन्या जमीनदारांच्या घरातल्या छोट्या मालकांच्या फोनवर दिसली. त्यांनी बोलावणं धाडलं. मला वाटलं, काम मिळालं. मी शर्ट बदलून गेलो.

छोटे मालक बंगईवर बसून झोके घेत होते. खाली सतरंजीवर त्यांची नेहमीची माणसं. मला कोणी बस म्हटलं नाही, आणि मीही बसण्याचा विचार केला नाही. मालकांनी फोन माझ्यासमोर धरला. फोनमध्ये मी होतो. माझ्या शेजारी ते होते.

"हे काय होय?"

"जाहिरात आहे, मालक."

"ते दिसून राह्यलं. खाली काय लिवलं, वाच."

"आमचे समाधानी ग्राहक."

"मोठ्यानं वाच."

मी मोठ्यानं वाचलं. शाळेत धडा वाचतात तसं.

"मी तुहा गिऱ्हाईक होय?"

सतरंजीवरचे हसले. त्यांच्यातला एक, मालकांचे ट्रॅक्टर पाहणारा, नाकाला रुमाल लावून म्हणाला, "मालक, जाहिरातीले मासोळीचा वास येऊन राह्यला."

त्यावर मीही हसलो. वाटलं, हसलो की सुटलो.

आम्ही ढिवर. बाप गावच्या तळ्यात जाळं टाकतो. आई ती मासोळी टोपलीत घेऊन कुरखेड्याच्या बाजारात बसते. मी बारावी झालो, पोलीस भरतीत धावलो, आणि माझ्यापुढे फार लोक धावले. मग फोनवर बॅनर बनवायला शिकलो. वाढदिवस, बारसं, लग्नपत्रिका, मंडईच्या जत्रेतल्या नाटकांचे पोस्टर, भावपूर्ण श्रद्धांजली. काय करून राह्यला म्हणून कोणी विचारलं की मी छाती फुगवून सांगायचो, फ्रीलान्सर आहे. मामानं एकदा नीट चौकशी केली.

"नोकरी आहे का?"

"नाई."

"दुकान?"

"नाई."

"मंग आपल्या गावात लई फ्रीलान्सर आहेत गड्या."

गावात पैसे मिळत नाहीत. गावात 'घरचाच पोट्टा आहे' एवढंच मिळतं. म्हणून बाहेरची गिऱ्हाइकं हवी होती. कमी पैशात ऑनलाइन नाव कसं करावं, हे सांगणारा एक गुळगुळीत माणूस मला फोनमध्ये सापडला होता. तो सांगायचा, जाहिरातीत स्वतःचा चेहरा दाखवा. शेजारी समाधानी ग्राहकाचा चेहरा दाखवा. विश्वास वाढतो.

चेहरा होता. समाधानी ग्राहकाची अडचण होती. मामाला धरावं म्हटलं, तर त्याच्या वाढदिवसाच्या बॅनरला घाईत श्रद्धांजलीची चौकट लागली होती. मामी अजून बोलत नाही. चक्कीवाल्याच्या पोराच्या लग्नपत्रिकेत नवरदेव बरोबर होता, वार चुकला होता. उरले छोटे मालक. त्यांचा वाढदिवसाचा बॅनर मीच केला होता, बसस्टॉपवर कडूनिंबाला बांधला होता. त्यांनी पैसे दिले नव्हते, पण शिवीही दिली नव्हती. म्हणजे समाधानी.

ॲपमध्ये एक तयार नमुना होता. दोन गोल. एकात काम करणारा, एकात ग्राहक. दोन्ही गोल सारखे. मी एकात मला बसवलं, एकात मालकांना. ॲपला आमचं गाव माहीत नव्हतं. त्यानं दोघांना सारखीच जागा दिली.

पैसे आईनं दिले, टोपलीवरच्या फडक्याची गाठ सोडून. देताना म्हणाली, "जाहिरात म्हंजे वरडनंच ना? मंग बाजारात माह्याजवळ येऊन वरड. पैसे कायले लागते?" मी तिला समजावून सांगितलं. समजावून सांगण्यात मी हुशार. मग नेटवर्कसाठी तळ्याच्या पाळीवर गेलो. नकाशा उघडता उघडेना. निळा गोल माझ्या पायाशीच येऊन बसला होता. तो पुण्याला न्यायचा होता. मला वाटलं, तो आपला आपण जाईल. बटण दाबलं.

तर आता मी बंगईसमोर उभा.

"कमी कर," मालक म्हणाले.

"काय?"

"तुहा फोटो. कमी कर. इथीच कर, आमच्यापुढं."

माझ्या फोनला तिथे नेटवर्क नव्हतं. मालकांनी वायफायचा पासवर्ड सांगितला. त्या घरातून मला मिळालेली ती पहिली वस्तू. आई वर्षानुवर्षं त्यांच्या मागच्या दारी मासोळी देते. मागच्या दाराशी ते गिऱ्हाईकच असतात. भाव करतात, एखादी जास्तीची मागतात. पण मागच्या दाराला कोणी फोटो काढत नाही.

मी फोटो उघडला. माझ्या चेहऱ्यावर दोन बोटं ठेवली. आणि मग दाराकडे पाहिलं, कारण सतरंजीवरचे तिकडे पाहत होते. बाप उभा होता. त्यालाही बोलावलं होतं. ओलं धोतर, हात मासोळीचे, म्हणून तो ओसरीच्या पायरीखालीच थांबला होता.

तळं एके काळी मालकांच्या आज्याचं. आता कागदावर ग्रामपंचायतीचं. ग्रामपंचायत कोणाची, ते गावात कोणी विचारत नाही. दरवर्षी पावसाळ्याच्या तोंडावर ठरतं की तळं आमच्या मोहल्ल्याला द्यायचं की बाहेरच्या ठेकेदाराला. त्या वर्षीचं ठरायचं होतं. हे मालकांनी त्या दिवशी सांगितलं नाही. सांगायची गरज नव्हती. बापाला बोलावलं, तेच सांगणं होतं.

"कर ना बाबू," बाप खालून म्हणाला. "फोटोच त होय."

मी बोटं जवळ आणली. माझा चेहरा आवळला.

"अजून."

अजून आवळला.

"अजून कर बे. बॅनरवर शुभेच्छुकाचे चेहरे राह्यते, तेवढा."

शुभेच्छुकांचे चेहरे मीच लावतो. वर मालक, आभाळाएवढे. खाली ओळीनं बारके चेहरे, पोस्टाच्या तिकिटासारखे. कोण पहिल्या ओळीत, कोण शेवटच्या, यावरून गावात भांडणं होतात. आणि तिथे उभ्या उभ्या मला आठवलं, की त्या ओळींत मी आमच्या मोहल्ल्यातला एकही चेहरा कधी लावला नव्हता. शेवटच्या ओळीतही नाही. लावू नको असं मला कोणीच म्हटलं नव्हतं. माझी बोटं आपोआप त्यांना सोडून पुढे जायची.

माझा चेहरा तिकिटाएवढा झाला. मालकांचं समाधान होईना. खरा समाधानी ग्राहक कसा असतो ते मला तेव्हा कळलं. त्याचं समाधान होईपर्यंत आपण संपत जातो. शेवटी मी ज्वारीच्या दाण्याएवढा उरलो. नाक-डोळे गेले. काळा ठिपका.

"हं. आता बराबर दिसून राह्यलं."

मग 'आमचे समाधानी ग्राहक' पुसून 'आमचे आधारस्तंभ' लिहायला लावलं. मी लिहिलं. 'स्तंभ' एकदा चुकलं, ते दुरुस्तही केलं. कामात कसर नको. पैसे मालकांनी भरले, आणि निळा गोल साऱ्या तालुक्यावर पसरवला. जिल्हा परिषदेच्या निवडणुकीचं वारं होतं, आणि मालकांना उभं राहायचं होतं. अशा रीतीनं माझ्या जाहिरातीला मोठं बजेट मिळालं.

घरी जाताना बाप पुढे, मी मागे. तो वाटेत एकच बोलला, "जेवून घे." मला तो रागावला असता तर बरं झालं असतं.

जाहिरात चालली. फार चालली. पानठेल्यावर पोट्टे मला पाहून डोळ्याजवळ बोटं नेऊन भिंग धरायचे. "भाऊ, तुमी त्यात कुठी आहा? सापडूनच नाई राह्यले." मीही त्यांच्यासोबत माझ्या ठिपक्यावर बोट ठेवून दाखवायचो. हा पाहा, हा मी. लोक हसायचे. हसवणं मला जमतं. रात्री एकटाच तो ठिपका बोटांनी ताणून पाहायचो, तो ठिपकाच राहायचा.

फोनही यायला लागले. "मालकांनी पुढं आणलं तो पोट्टा तूच ना? आमच्या देवीचा बॅनर करून दे. पैसे कायले मागतो, मालकांचाच माणूस ना तू." मी करून द्यायचो. आधी गावच्या माणसांसाठी फुकट करायचो. आता तालुक्याच्या माणसांसाठी फुकट करायला लागलो. धंदा वाढला.

मग पुन्हा बोलावणं आलं. या वेळी मी शर्ट बदलला नाही.

मालकांना व्हिडिओ हवा होता. गरिबाच्या पोराला त्यांनी कसं उभं केलं, ते दाखवायचं. शूटिंग कोण करणार? मीच. तिथे मीच एक फ्रीलान्सर. बापाला पुन्हा बोलावलं होतं. तो पुन्हा पायरीखाली. मी फोन स्टँडवर लावला, चौकट नीट केली, मालकांच्या तोंडावर सावली येत होती म्हणून त्यांना बंगईवर थोडं पुढे सरकायला विनवलं. बटण दाबलं. मग फोनसमोरून चालत गेलो आणि मालकांच्या पायावर डोकं ठेवलं. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि फोनकडे पाहून हसले. मी उठून पुन्हा फोनजवळ आलो, बटण बंद केलं. स्वतःच्या वाकण्याचं शूटिंग स्वतःच करणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

"दाखव," मालक म्हणाले.

मी लावून दाखवलं. मालक छान आले होते. मीही होतो. पण माझी पाठ होती. घामानं चिकटलेला शर्ट, आणि पाठीचे मणके. तोंड कुठेच नव्हतं. आधी ठिपका तरी होता. तोही आता लागत नव्हता. त्या पाठीच्या जागी कोणाचीही पाठ चालली असती. बापाची चालली असती. आज्याचीही. मला वाटतं, आज्याचीच होती ती. बापाला वारशात मिळाली आणि बापानं मला दिली.

"फस्ट क्लास," मालक म्हणाले. "लाव. पुऱ्या जिल्ह्याले लाव. पैसे मी भरतो."

मी व्हिडिओ पुसला. नक्की पुसायचा का, असं फोननं विचारलं, तेव्हा पुन्हा दाबलं.

"काय केलं?"

"पुसला, मालक."

"काऊन?"

"त्यात मी दिसून नाई राह्यलो."

मालकांनी बंगई थांबवली.

"तुले दिसाचं आहे?"

"हो."

यापेक्षा जास्त काही मी बोललो नाही. नंतर गोष्ट सांगताना मी बरंच जोडायचो. मालकांना तोंडावर असं म्हटलो, तसं म्हटलो. खोटं आहे. 'हो' म्हटलं. तेही बारीक आवाजात.

मालक माझ्याशी बोललेच नाहीत. दाराकडे पाहून शांतपणे म्हणाले, "तळ्याचं मंग पाहू आपण."

बापानं हात जोडले. मी त्याचा हात धरून त्याला पायरीपासून ओढत नेलं. तो येत नव्हता. मान वळवून वळवून पाहत होता, मालक काही म्हणतील म्हणून.

तळं त्या वर्षी बाहेरच्या ठेकेदाराला गेलं. एकट्या आमच्या घराचं नाही, साऱ्या मोहल्ल्याचं गेलं. आमच्याच माणसांनी मला शिव्या दिल्या. त्यांचं चुकलं नाही. पाळीवर ठेकेदाराचा माणूस काठी घेऊन बसतो. बाप नदीवर जातो. उन्हाळ्यात नदीत पाणी शोधावं लागतं, मग मासोळी शोधावी लागते. चुलतभाऊ गाव सोडून बल्लारपूरला मजुरीला गेला. जाताना माझ्याशी बोलला नाही. पेपरात येतं तसं काही झालं नाही. कोणी माझी बाजू घेतली नाही. मी तक्रार लिहायला बसलो, तर लिहायचं काय? चेहरा लहान करायला लावला, अशी तक्रार कोणत्या साहेबाकडे करतात?

मी नवी जाहिरात केली. एकच गोल. त्यात मी, आणि खाली माझ्या गावाचं नाव. ती माझ्या पेजवर तशीच पडून आहे, कारण ती लोकांपुढे न्यायला पैसे नाहीत. ती कोणी पाहत नाही. एक अंगठा आला होता, तो माझाच. तरी ती मी काढणार नाही. मालकांचा बॅनर मी पुन्हा करणार नाही. कोणाच्या आधारस्तंभाखाली ठिपका होणार नाही. आणि बॅनर कोणाचाही असो, आमच्या मोहल्ल्यातला माणूस शुभेच्छुक असेल तर त्याचा चेहरा मी लावणार, तोही इतरांएवढाच. हे ज्याला चालत नसेल त्यानं दुसरा फ्रीलान्सर पाहावा. गावात लई आहेत.

हे सगळं मी परवा घरात बोलून दाखवलं. आई दुसऱ्याच्या बांधीत धानाची रोवणी करून आली होती, पायांवरचा चिखल वाळला होता. आता ती मजुरीला जाते. विकायला मासोळी नाही. तिनं मला वाढलं आणि कमरेला हात लावून भिंतीला टेकून बसली. मी जेवता जेवता म्हणालो, "आई, आता जन्मात कोणापुढं चेहरा कमी करणार नाई. उपाशी राहीन, पण नाई करणार."

आईनं माझ्या ताटाकडे पाहिलं. मग भाताचा गंज वाकडा करून आत पाहिलं.

"तू कायले उपाशी राहशीन? उपाशी राहीन त मी राहीन, नाई त तुहा बाप राहीन. तू त आता दुसऱ्यांदा भात घेतला."