साडूची एस.एस.डी.

माझा साडू अक्कलकुव्याला लग्नाच्या शूटिंगचं काम करतो, आणि मी विसरवाडीला तेच करतो. तो माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. कॅमेरा कसा धरायचा ते त्याला मीच शिकवलं. त्याच पठ्ठ्यानं मला न विचारता स्वतःच्या लॅपटॉपला जुन्या हार्ड डिस्कऐवजी वेगवान एस.एस.डी. बसवली. तेव्हापासून माझं जे पोट दुखायला लागलं, त्यावर औषध नाही.

बातमी बायकोनंच आणली. "मन्ही बहीणकडे बटन दाबं का लगेच चालू व्हस," ती म्हणाली. "तुम्हना सुरू व्हस तवलगून मन्ह्या भाकरी व्हई जातस."

फायदे मलाही कळतात, मी काही येडा नाही. फाइली झटक्यात उघडतात. एडिटिंग करताना नवरी हार हातात घेऊन अडकून बसत नाही. आत फिरणारं काही नसल्यामुळे मोटारसायकलवर हादरे बसले तरी चिंता नाही. पण तोटे? आहेत ना! तेवढ्याच पैशात जागा कमी. माझ्या जुन्या हार्ड डिस्कमध्ये अर्ध्या तालुक्याची लग्नं आहेत, ती कुठे टाकू? आणि हार्ड डिस्क मरायच्या आधी निदान कुरकुर तरी करते. ही गेली की गेली, बसा बोंबलत! शिवाय फिल्म तयार व्हायला लागणारा वेळ प्रोसेसरवर असतो, हे त्या शहाण्याला कोण सांगणार? हे सगळं मी बायकोला समजावलं. ती म्हणाली, दोन्ही ठेवा, जुनी लग्नं जुन्यात आणि काम नव्यात. तिचं बरोबर होतं, म्हणून मला जास्तच राग आला.

तेवढ्यात साल्याचं लग्न ठरलं. एकुलता एक साला. मोठा जावई मी, उस्ताद मी, तेव्हा शूटिंग माझंच हे मी धरूनच चाललो होतो. तापीकाठी सासुरवाडीला गेलो, तर काम साडूकडे गेलेलं! सासूबाई म्हणाल्या, "जवाईबापू, सगळा लगनमा तुम्हीन कॅमेरामांगे ऱ्हातस, एक फोटोमा दिसतस नही. तुम्हीन मोठा जवाई शेतस. यंदा मांडवमा बठा, फेटा बांधा."

मान म्हणे! मला कळत नाही का? ही सगळी त्या एस.एस.डी.ची करणी. मी आधीच बसवली असती, तर कोणाची हिंमत होती काम काढून घ्यायची?

लग्नात मला फेटा, शेला, नारळ, सगळं मिळालं. मी मांडवात बसलो आणि साडू माझ्यासमोरून कॅमेरा मिरवत फिरत होता. हळद कधी लागली, अक्षता कधी पडल्या, काही आठवत नाही. त्याची फ्रेम वाकडी होती एवढं आठवतं.

दुसऱ्या दिवशी सत्यनारायणाला त्यानं फिल्म टीव्हीवर लावलीसुद्धा. पाहुणे वा वा करत होते. मग मी दिसलो. हळदीत बायका खिदळतायत आणि मागे मी, कॅमेऱ्याकडे डोळे वटारून. अक्षतांना मी, कारलं खाल्ल्यासारखं तोंड करून. वरातीत अख्खं गाव नाचतंय आणि फेट्याखाली तेच तोंड. घरभर हशा पिकला.

सासूबाई मात्र हसल्या नाहीत. माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाल्या, "मानपानमा काही कमी पडनं का, जवाईबापू?" डोळ्यांत पाणी होतं. काय सांगू त्या माउलीला, की तुमच्या धाकट्या जावयाच्या लॅपटॉपवर जळत होतो? म्हणालो, "नाही हो, नवे बूट चावत होते."

साडूनं ते ऐकलं. हात धुवायला गेलो तर मागोमाग आला. "भाऊ, मी बरंच कापं," तो कानाशी म्हणाला. "तुम्हना हसरा तुकडा एकबी सापडना नही. त्यातलं बरं व्हतं ते ठेवं."

लाजेनं माझी मान खाली गेली. आणि खरं सांगतो, त्या घडीलाही मनात पहिलं हेच आलं: एका रात्रीत एवढं कापायला मेल्याला वेळ मिळाला, तो त्या एस.एस.डी.मुळेच.